गाडी पकडत नाही? आधी पाणी कुठं शिरलं ते बघा

मृग लागला की म्हापसा, डिचोली, साखळी, फोंडा, कुठल्याही भागातलं गॅरेज बघा, दारात स्कूटर आणि मोटारसायकली ताटकळत उभ्या असतात. तक्रार बहुतेकांची एकच: "काल रात्री चांगली चालत होती, सकाळी पकडतच नाही." मग कुणी प्लग बदलतं, कुणी कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडायला लावतं, कुणी सरळ नवी बॅटरी घालायला सांगतं. ही सगळी कामं कधी ना कधी लागतातच. पण नेमकं कशासाठी करतोय हे ठाऊक नसेल तर पैसे जातात आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा त्याच दारात येते.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीच्या डोंगराकडे त्याहून जास्त. किनाऱ्याला वर खारी हवा. म्हणून पावसाळ्यात इंजिन रुसलं की मी आधी एवढंच शोधतो, की पाणी शिरलंय कुठं. बहुतेक वेळा तिथूनच धागा सापडतो.

पेट्रोल इंजिनाचं काम थोडक्यात असं. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो, वर येताना ते दाबतो, दाबलेल्या मिश्रणात प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. म्हणजे हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी, या चारांपैकी एकही कमी पडलं तर इंजिन पेटणार नाही. प्रमाणही नेमकं लागतं. निव्वळ पेट्रोल असेल तर एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा. दाब सहसा एका रात्रीत जात नाही. रिंग झिजणं, व्हॉल्व्ह नीट न बसणं हे हळूहळू होतं आणि गाडी आधीपासून ताकद कमी करून ते कळवत असते. रात्रीतून बंद पडलेल्या गाडीत संशय उरलेल्या तिघांवर, आणि पावसाळ्यात त्या तिघांच्याही वाटेत पाणी येतं.

पाना हातात घेण्याआधी साध्या गोष्टी पाहून घ्या. हँडलवरचा लाल स्विच बंद राहिलाय का? साइड स्टँड खाली आहे का? अनेक नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर चालूच होत नाहीत. स्कूटरचा ब्रेक पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, आणि त्या ब्रेकच्या लिव्हरजवळचा छोटा स्विच ओला झाला किंवा गंजला तरी सेल्फ मुकाच राहतो. अशा वेळी दुसरा ब्रेक दाबून बघा. पेट्रोलचा कॉक असलेल्या जुन्या गाडीत तो उघडा आहे ना, तेही पाहा.

मग सेल्फचा आवाज ऐका. नुसतं टक-टक-टक होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. सेल्फ जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. आता प्लग काढायचा.

प्लग बाहेर आला की निम्मं उत्तर हातात येतं. आठ-दहा किक मारूनही प्लग कोरडा ठणठणीत आणि पेट्रोलचा वास नाही, म्हणजे पेट्रोल आत पोचत नाही. प्लग ओला आणि पेट्रोलचा घमघमाट, म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, ठिणगीत गडबड आहे किंवा आत नको तेवढं पेट्रोल गेलंय. इथून पुढं दोन वाटा फुटतात, आणि चुकीच्या वाटेला लागलं की सकाळची सगळी वेळ वाया जाते. प्लगच्या टोकाचा रंगही बोलतो. फिकट कॉफीचा रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, बरेचदा एअर फिल्टर तुंबलेला. उसगाव, डिचोलीकडच्या खनिजाच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्यांचा फिल्टर लाल धुळीनं लवकर भरतो, पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरची वाट बघू नये. टोक पांढरंफटक असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय. तेलकट काळं असेल तर आतून ऑइल जळतंय आणि ते काम घरचं नव्हे.

प्लग ओला निघाला तर ठिणगी तपासा, पण जपून. प्लग त्याच्या टोपीत घाला आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून शक्य तितका लांब. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि ठिणगीनं ती पेट घेऊ शकते. नुसत्या हातानं प्लग धरू नका, तिथं हजारो व्होल्टचा दाब असतो. प्लग अधांतरी ठेवूनही सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर तो दाब कॉईल आणि इलेक्ट्रॉनिक युनिटवर येतो. एवढं सांभाळून सेल्फ मारला की निळसर, ठसठशीत ठिणगी दिसायला हवी. फिकट, पिवळट, मधूनच चुकणारी असेल तर ती दाबाखाली मिश्रण पेटवणार नाही.

पावसात ठिणगी कुठं हरवते? बहुतेकदा प्लगच्या टोपीत. ही रबराची टोपी काही वर्षांनी कडक होते, तिला बारीक चिरा पडतात. त्या चिरांत ओलावा बसला की विजेला प्लगच्या टोकापर्यंत जाण्यापेक्षा इंजिनाच्या अंगावरून पळणं सोपं जातं. खाऱ्या हवेच्या भागात तर त्या ओलाव्यात मीठही असतं, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. काळोखात इंजिन चालू असताना टोपीजवळ किंवा वायरवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर दोष तिथंच. टोपी आणि वायर कोरड्या फडक्यानं पुसली की गाडी पकडते आणि आपल्याला वाटतं काम झालं. पुढच्या सरीत पुन्हा तेच. टोपी बदला, ती फार महाग नसते. अनेक मोटारसायकलींत टोपी वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती काढल्यावर वायरीच्या टोकाची तांब्याची तार हिरवी पडलेली दिसेल, तेवढा अर्धा सेंटिमीटर कापून नवी टोपी ताज्या तारेवर बसवा. जुन्या वायरवर नुसती नवी टोपी चढवली तर पुढच्या पावसात तीच तक्रार घेऊन याल.

ठिणगी चांगली आहे आणि तरी प्लग चिंब, तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. कार्बोरेटरच्या गाडीत चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारा खटका) बंद करा, प्लग पुसून लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काही किका मारा. जास्तीचं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जातं. एकदम पेटलं की थ्रॉटल लगेच सोडा. चोक ओढून वारंवार किक मारत राहणं हाच ओव्हरफ्लोचा खरा उगम असतो. आपल्याकडं तापमान इतकं कधी उतरत नाही की गरम इंजिनाला चोक लागावा.

आता पेट्रोल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गेल्या काही वर्षांत पेट्रोलच बदललंय आणि आपल्या सवयी जुन्याच आहेत.

पंपावर आज जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ई-२० पेट्रोलची देशात सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडं पोचलं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि अल्कोहोलला पाण्याची ओढ असते. जुन्या निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी पडलं तर ते तळाशी वेगळं बसायचं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी आपल्यात सामावून घेतं, आणि तेवढं पाणी जळूनही जातं. पण ही क्षमता मर्यादित आहे. मर्यादेपलीकडं पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी थर करतात. गाडीचा पाइप पेट्रोल घेतो तो तळाजवळूनच. म्हणजे टाकी अर्धी भरलेली असूनही इंजिनाला मिळतं ते पाणी आणि इथेनॉल.

हे घरी बघता येतं. कार्बोरेटरच्या तळाला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, विडी-सिगारेट आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, तो स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. दहा मिनिटं बाटली हलवू नका. मग उजेडाकडं धरा. तळाशी वेगळा थर दिसला, मध्ये एक रेघ दिसली, किंवा बाटली किंचित कलती केल्यावर खालचा थर वेगळा सरकला, तर निकाल लागला. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घाला, कार्बोरेटर साफ करून घ्या. वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही, खालचा थर तसाच राहतो.

पाणी टाकीत येतं कुठून? पंपावरून आलं असं आपण पटकन म्हणतो. तसंही होऊ शकतं, पण आधी आपल्याच टाकीचं झाकण बघा. अनेक मोटारसायकलींत झाकणाभोवती एक खोलगट कडा असते आणि त्यात बारीक भोक. त्या भोकातून पावसाचं पाणी नळीनं खाली, जमिनीवर जातं. हे भोक लाल मातीनं बुजलं की कडेत पाणी साचतं, आणि पेट्रोल भरायला झाकण उघडलं की ते सरळ टाकीत. पावसाळ्याआधी त्या भोकात पातळ तार हळूच घाला, वरून चमचाभर पाणी सोडा, खाली नळीतून गळलं पाहिजे. टाकी बंदच ठेवून, झाकणाच्या कडेतच पाणी घालायचं, हे सांगायला नको. दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्ध्या पावसाळी तक्रारी त्यानं टळतील असं मला मनापासून वाटतं.

मायलेज कमी झालं अशी तक्रार करणाऱ्यांचंही खोटं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या लिटरभर पेट्रोलमध्ये ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी आणि प्लास्टिकचे भाग या पेट्रोलचा विचार करून घेतलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलचा पाइप, ओ-रिंग, कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई यांवर नजर ठेवा. पाइप बोटानं दाबला की चिकट, फुगलेला किंवा उलट कडक आणि चिरलेला वाटला तर वाट न बघता बदला. इंजिन तापलेलं असताना गळणारं पेट्रोल म्हणजे आगीचा धोका.

ग्रास कटरवाल्यांनी इथून पुढं जास्त लक्ष देऊन वाचावं. चवथीच्या आधी अंगणातलं आणि पाणंदीतलं रान कापायला, मग पाऊस सरल्यावर काजूच्या बागा साफ करायला सत्तरी-पेडण्यात घरोघरी ही यंत्रं घुमतात, आणि मधले महिने माळ्यावर किंवा गोठ्याच्या आडोशाला पडून असतात. उरलेलं पेट्रोल टाकीत तसंच.

दोन-स्ट्रोक ग्रास कटरला वेगळं इंजिन ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगना वंगण देतं. आता वरच्या बाटलीतला तो खालचा थर आठवा. पेट्रोल आणि पाणी वेगळं झालं की ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. खालच्या पाणी-इथेनॉलच्या थरात वंगण जवळपास नसतं, आणि कार्बोरेटर ओढतो तो खालचाच थर. यंत्र कसंबसं चालू झालं तरी पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो. ऑइल तर बरोबर घातलं होतं, मग पिस्टन कसा गेला, असं विचारणाऱ्या कित्येकांचं उत्तर इथं आहे. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याच्या आत संपवा, आणि यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत किंवा झाकणावर दिलेलं असतं. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. बाटलीच्या बुचानं अंदाज करू नका, औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण वापरा. जास्त ऑइल घातलं तर जास्त चांगलं असं नाही, प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. चार-स्ट्रोकचे ग्रास कटरही आता खूप आलेत. त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात घालायचं नाही, त्यांचं ऑइल खाली वेगळं असतं, आणि छोट्या यंत्रात ते जेमतेम १०० मिली असतं. त्यातलं वीस-तीस मिली कमी झालं तरी फरक पडतो, म्हणून दर वेळी काम सुरू करण्याआधी यंत्र सपाट जागी ठेवून पातळी बघा. एका घरात दोन्ही प्रकारची यंत्रं असतील तर कॅनवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

ग्रास कटर सुरू होतो पण वेग घेत नाही, थ्रॉटल दाबला की गुदमरतो, हीही नेहमीची तक्रार. सगळे कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला लागतात. त्याआधी टाकीतल्या पाइपच्या टोकाचा छोटा फिल्टर आकड्यानं बाहेर काढून बघा, तो चिकट मळानं बुजलेला असतो. मग सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काढा. ती कार्बननं बंद झाली असेल तर जळालेला वायू बाहेर पडायला वाटच नाही, नवं मिश्रण आत येणार कुठून? तारेच्या ब्रशनं घासली की यंत्र पुन्हा ओरडायला लागतं. तेवढ्यात सिलिंडरच्या पाकळ्यांत अडकलेलं गवतही काढून टाका, तिथून वारा फिरला नाही तर इंजिन तापतं.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी विजेवरच्या इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे गाड्यांच्या धुराचे नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर बहुतेक गेलाच. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलचा पंप. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि बॅटरी बघा. या गाड्यांत पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळं विजेवर चालतं. बंद गाडीत चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२ च्या खाली आली तर ती जवळपास रिकामी. गाडी चालू असताना १४ च्या आसपास दिसले नाहीत तर चार्जिंग होत नाही, तिथं नवी बॅटरी घालून काही साधणार नाही. साध्या मल्टिमीटरवर हे दोन आकडे बघून मगच बॅटरीच्या दुकानात जा. आणि या गाडीचा पेट्रोल पाइप घरी उघडू नका, त्यात पेट्रोल दाबाखाली असतं.

पाण्यातून गाडी घालणं हा वेगळाच विषय. जोराच्या पावसात पणजीत अठरा जून रस्त्यावर पाणी भरतं, खेड्यांत ओहोळ साकवावरून वाहतो. पाण्यात गाडी बंद पडली तर मोह होतो तो पुन्हा सेल्फ मारायचा. तोच टाळा. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि वर येणाऱ्या पिस्टनचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर जाऊन तो वाकतो. गाडी ढकलून कोरड्या जागी न्या. प्लग काढा, चावी बंद ठेवून हळूहळू किक मारा, पाणी भोकातून बाहेर पडेल. एअर फिल्टर भिजलाय का बघा, त्याच्या डब्याखालच्या नळीचं बूच काढून साचलेलं पाणी सोडा. ऑइलची काडी ओढून बघा: ऑइल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय, ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. स्कूटरच्या बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी गेलं तर इंजिन ओरडतं पण गाडी पुढं सरत नाही, बेल्ट घसरतोय. तो उघडून वाळवून घ्या. ब्रेक ओले असतात म्हणून पुढची काही मिनिटं हलके दाबत सावकाश जा.

किनाऱ्याच्या गावांना, मोरजी, मांद्रे, हरमल, पेडण्यातली केरी, गंज हा बारमाही पाहुणा. गोड्या पाण्यानं गाडी धुणं हा तिथला खरा उपाय, पण प्रेशरची धार वायरींच्या जोडांवर आणि चाकाच्या बेअरिंगवर मारू नका. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर निगेटिव्ह वायर आधी सोडा, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवा, वाळवून घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. चेसिसला जोडलेली अर्थची वायर बहुतेक लोक विसरतात. तिचा बोल्ट गंजला की दिवा मंद, हॉर्न घोगरा, सेल्फ दमलेला असे चार वेगळे आजार दिसतात आणि चारांचं मूळ तो एकच बोल्ट असतो.

होडीचं आउटबोर्ड इंजिन खाऱ्या पाण्यानंच थंड होतं, म्हणून किनाऱ्याला आल्यावर गोडं पाणी आतून फिरवावं, नाहीतर बारीक वाटांत मीठ बसतं. चालू इंजिनातून बाजूला पाण्याची बारीक धार सतत पडते, ती थांबली की इंजिन लगेच बंद करावं. वायंगण (उन्हाळी) शेतीतल्या डिझेल पॉवर टिलरला प्लग नसतोच, नुसत्या दाबानं डिझेल पेटतं. त्याची टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की पाइपात हवा शिरते आणि डिझेल भरूनही तो पकडत नाही. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, हातपंप असेल तर तो मारा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळा.

एवढं करूनही गाडी पकडली नाही तर मेकॅनिककडं न्या, पण "बंद आहे, बघा" एवढंच सांगून चावी देऊ नका. प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी कशी होती, बाटलीत रेघ दिसली का, बंद पडण्याआधी गाडी अडखळली की एकदम गेली, शेवटचं पेट्रोल कधी भरलं, हे सांगा. पाणी मिसळलेलं पेट्रोल सापडलं असेल तर ती बाटलीही घट्ट बूच लावून सोबत न्या. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या.